कोंबडीला स्थळ पाहिजे

दिवाळीच्या अंकात या सदराकडून वाचक भगिनींची काय अपेक्षा असते, ते मला चांगले ठाऊक आहे. चकली मऊ का पडते, अनारसे तुपात का हसतात, शंकरपाळ्यांना खुसखुशीतपणा कसा आणावा! यंदा या सर्व प्रश्नांना लांबूनच नमस्कार करते. यंदा मी कोंबड्यांवर लिहिणार आहे. घाबरू नका, रश्श्यातल्या नव्हेत, परसातल्या.

निमित्त झाले एका पत्राचे. मीरा रोडच्या एक भगिनी लिहितात : ‘आमच्याकडे तळमजल्यावर दोन कोंबड्या आहेत. त्यांतली एक गेले आठ दिवस खोक्यातून उठत नाही. हात लावायला गेले तर अंग फुगवून चोच मारते, धड खातही नाही. आजारी असावी. शिवाय सोसायटीने आम्हाला महिन्याची मुदत दिली आहे. मुलांनी रडून घर डोक्यावर घेतले आहे. काय करावे?’

पत्र वाचून मला हसू आले आणि मग वाईटही वाटले. कारण हे दोन्ही प्रश्न यंदाच्याच पावसाळ्यात माझ्या दाराशी येऊन बसले होते. त्या भगिनींना पोस्टकार्डाएवढे उत्तर देऊन भागणार नाही. दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते, म्हणून सविस्तरच सांगते.

आम्ही भाईंदर पश्चिमेला राहतो. आम्ही राहायला आलो तेव्हा राई, मुर्धे, मोर्वे, पलीकडे नवघर, गोडदेव ही खरोखरीची गावे होती. मिठागरांच्या बांधावरून चालत गेले की घरांची अंगणे लागत, आणि अंगणात कोंबडी नाही असे घर विरळा. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र येऊन नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. अंगणांच्या जागी पार्किंग आले. तक्रार करत नाही. त्याच इमारतींपैकी एकीत मी राहते. आमच्या वाट्याला तळमजला आला आणि मागे दहा-बारा पावलांची मोकळी पट्टी. तिथे तुळस, कढीपत्ता आणि एक पपई. एवढ्यावर आमचे बरे चालले होते.

गेल्या वर्षी हिवाळ्यात नात शाळेतून येताना पाच पिल्ले घेऊन आली. एक गुलाबी, दोन हिरवी, एक निळे आणि एक पिवळे. ही रंगवलेली पिल्ले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. टोपलीत चिवचिवत असतात आणि चॉकलेटच्या भावात मिळतात. इतकी स्वस्त का, हे फारसे कोणी विचारत नाही. अंड्यांसाठी जी जात वाढवतात, तिचे नर उबवणी केंद्राला नकोसे असतात. ते अंडी देत नाहीत आणि अंगाने भरतही नाहीत. म्हणून अशा पिल्लांत बहुतेक नरच असतात. शिवाय अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला अंश असतो, त्यावर ते दोनेक दिवस दाणापाण्यावाचून तगते. आईने शेवटचे अंडे फुटेपर्यंत घरटे सोडू नये म्हणून निसर्गाने ठेवलेली ही शिदोरी. त्याच शिदोरीच्या जोरावर माणसे त्यांना पेट्यांत भरून गावोगाव पाठवतात.

पाचांतली तीन पहिल्या चार रात्रींत गेली. चूक आमचीच. पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी चालते. आम्ही त्यांना बुटांच्या खोक्यात रुमाल पांघरून ठेवले होते! जुन्या पद्धतीचा साठचा दिवा आणून टांगला, तेव्हा दोन राहिली. त्यांतले एक पुढे मांजराने नेले. उरले ते गुलाबी. नातीने त्याचे नाव ‘गुलाबी’ ठेवले. महिन्याभरात रंग उडून ते पांढरेफेक झाले, तिसऱ्या महिन्यात त्याला तांबडालाल तुरा आला, आणि एका पहाटे त्याने जी बांग दिली, ती ऐकून आमच्या ह्यांनी त्याचे ‘गुलाबराव’ असे पुन्हा बारसे केले.

त्याला सोबत म्हणून माझ्या जावेने वाड्याहून एक गावठी तलंग आणून दिली. करड्या अंगावर काळे ठिपके, पाय पिवळे. तिचे नाव ठकी. (कोंबडीचे मूळ लाल रानकोंबड्यात आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. पण हा पायाचा पिवळेपणा मात्र आपल्या सह्याद्रीत आढळतो त्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. माहेरचे नाक तसे हे पाय!) दुसरी आली सोनी, तपकिरी, संकरित जातीची. जवळजवळ रोज एक अंडे, न चुकता.

आता गुलाबरावांचे काय झाले ते सांगते. सांगायला बरे वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

पहाटे चारला बांग. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपणारे एक गृहस्थ, समोर परीक्षेची मुले. तक्रारी आल्या, आणि त्या रास्त होत्या. मी खुराड्यावर गोणपाट टाकले, त्यावर सतरंजी टाकली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण जन्मभर म्हणतो; पण झाकलेला कोंबडा आरवायचाही राहत नाही, हे मला तेव्हा कळले. जपानमधल्या नागोया विद्यापीठात २०१३ साली हे पडताळून पाहिले आहे. कोंबड्याच्या अंगात स्वतःचे घड्याळ असते; उजेड दिसो न दिसो, तांबडे फुटण्याआधीच तो ठरल्या वेळी आरवतो. आणि कळपात मानाने जो पहिला, तोच आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून. आमच्याकडे पहिला तोच आणि शेवटचा तोच.

तेव्हा त्याला कोठेतरी देणे भाग होते. ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘आमच्या शेतावर सोडू, मोकळा फिरेल.’’ मी लगेच हो म्हटले. इतका सुटकेचा श्वास टाकला की विचारू नका. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ आमच्याकडे आले, तेव्हा नातीने विचारले, ‘‘गुलाबराव कसा आहे?’’ ते मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, ‘‘फर्स्ट क्लास होता!’’

पोर काही बोलली नाही. रात्री अंथरुणात मला म्हणाली, ‘‘आजी, तुला माहीत होतं?’’

मी ‘नाही’ म्हटले. पण कोंबडा नेला तो आषाढातला शेवटचा आठवडा होता, गटारी चार दिवसांवर आली होती, आणि हे मला ठाऊक होते. त्या आठवड्यात कोंबड्यांना स्थळे फार येतात. आम्ही काही माळकरी नव्हे. आमच्याही घरी रविवारी रस्सा होतो आणि नातही तो आवडीने खाते. प्रश्न खाण्याचा नव्हता. मी विचारायला हवे होते ते विचारले नाही, कारण उत्तर काय येईल याचा मला अंदाज होता. त्यानंतर ती पोर मला काही विचारायची, तेव्हा उत्तर ऐकताना माझ्या तोंडाकडे बघत राहायची. हे पुष्कळ दिवस चालले.

श्रावण असाच गेला. गणपतीच्या आधी सोसायटीची चिठ्ठी आली : उरलेल्या दोन्ही कोंबड्या महिन्याच्या आत हलवाव्यात. आणि त्याच आठवड्यात ठकी खुडूक बसली.

मीरा रोडच्या भगिनी, आपली कोंबडीही आजारी नाही. ती खुडूक झाली आहे. आपल्या आज्यांना हा शब्द जितका परिचयाचा होता तितकाच तो आता आपल्या जिभेवरून उतरला आहे. कोंबडीने काही अंडी घातली, की गावठी जातीत तिच्या अंगात फरक पडतो. बाळंतिणीला जे द्रव्य दूध आणते, ते प्रोलॅक्टिनच कोंबडीला अंड्यांवर बसवते. अंडी देणे थांबते. पोटाची पिसे झडतात, काही ती स्वतःच उपटते, म्हणजे उघडी कातडी अंड्याला थेट लागावी. कोंबडीचे अंग मुळातच एकेचाळीस अंशांच्या घरात असते. अंड्याला साडेसदतीस-अडतीसची ऊब हवी, ती तिला अशी बरोबर देता येते. मग ती दिवसातून एकदा, फार तर वीस मिनिटे उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, राखेत लोळते, एकच भली मोठी विष्ठा टाकते आणि धावत परत जाते. आजारी कोंबडी आणि खुडूक कोंबडी ओळखायला सोपी आहे. आजारी कोंबडी मान टाकते, तुरा काळवंडतो, तिला उचलली तरी ती बिचारी मुकाट राहते. खुडूक कोंबडीचे डोळे लख्ख असतात, आणि तिला उचलून पाहाच!

ठकीच्या खाली अंडे नव्हते. आम्ही अंडी रोजच्या रोज उचलत होतो. शिवाय गुलाबराव जाऊन इतके दिवस झाल्यावरची अंडी कितीही उबवली तरी फुकट, कारण कोंबड्यावाचून त्यांत जीव नसतो. हे ठकीला कोणी सांगावे? ती रिकाम्या गोणपाटावर बसली. गोणपाट काढले तर विटेवर बसली. एक दिवस पाहते तो नातीचा टेनिसचा चेंडू पोटाखाली ओढून डोळे अर्धवट मिटून बसलेली!

यात हसण्यासारखे आहे, पण धोकाही आहे. अंडी खरी असली तर एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात आणि बसणे आपोआप सुटते. चेंडूतून काय निघणार? अशी कोंबडी एकवीस दिवसांनीही उठत नाही; आठवडेच्या आठवडे बसते, वजन घटते, अंगात उवा होतात, तुरा फिका पडतो. ठकीचा दहावा दिवस होता, आणि तिच्या छातीचे हाड हाताला लागू लागले होते.

आता उपाय. आमचे हे म्हणाले, ‘‘आई तिला बादलीतल्या गार पाण्यात बुचकळायची.’’ शेजारच्या काकूंनी सांगितले, तिचेच एक पीस नाकपुडीतून आरपार घालावे, त्याने बसायचे विसरते. हे दोन्ही उपाय जुने आहेत आणि गावोगाव चालतात. पण पिसाने तिला बसायचे विसरायला होते ते दुःखाने, आणि पावसाळी हवेत भिजवलेली कोंबडी आजारी पडायची भीती. मी दोन्हीला नकार दिला. खरी गोष्ट अशी आहे की खुडूकपणा टिकतो तो अंधार, आडोसा आणि पोटाखालची ऊब यांवर. या तिन्ही काढून घ्यायच्या. माळ्यावर जुन्या फ्रीजची जाळीची फळी पडून होती. ती दोन्ही बाजूंना विटा रचून त्यांवर ठेवली आणि वर जाळीचा पिंजरा उपडा घातला. खाली गवत नाही, गोणपाट नाही, नुसता वारा. उजेडात पण उन्हात नव्हे. आत दाणा आणि पाणी भरपूर. रात्रंदिवस तिथेच. तीन-चार दिवसांत पोट निवते. मग सोडून पाहावे. सरळ चरायला गेली तर मोडली, पुन्हा खोक्याकडे धावली तर आणखी एक-दोन दिवस. पुढे दोनेक आठवड्यांनी अंडी परत सुरू होतात. आणि ही खोड पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ओळखून मोडली तर लवकर मोडते, दहा दिवस थांबल्यावर जड जाते, हेही लक्षात ठेवावे. मी थांबले होते.

सोनीला यातले काहीच नव्हते. ती शेजारी अंडे घालून, ओरडून, निघून जाई. तिच्या जातीतून खुडूक होणे माणसांनी निवडून निवडून काढून टाकले आहे. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून ज्यांचे नाव पडले त्या लेगहॉर्न कोंबड्यांची हीच मोठी कीर्ती, की त्या बसत नाहीत. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, या तीनशेच्या घरात जातात. उबवायचे काम यंत्राने अंगावर घेतले, तेव्हा कोंबडीचे आईपण हा दोष ठरला.

ठकीला फळीवर ठेवून दुसरा दिवस संपला. नात खिडकीशी उभी राहून म्हणाली, ‘‘आजी, तिला पिल्लं हवीत म्हणून आपण शिक्षा करतो का?’’ मला उत्तर देता आले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची उत्तनची कोळीण आली. वीस वर्षे ती आमच्याकडे मासळी घेऊन येते. पाटी उतरवता उतरवता तिने मागच्या दारातून फळीवरचा तो प्रकार पाहिला आणि म्हणाली, ‘‘बाय, खुडूक मोडता कशाला? माझी मैत्रीण आहे डोंगरीला. तिची खुडूक कोंबडी मुंगसाने नेली. कोंबडा आहे, अंडी आहेत, बसायला कोणी नाही. पांढऱ्या कोंबड्या घेतल्यात त्या मेल्या बसतच नाहीत.’’

अशी ही सोयरीक आली. मध्यस्थ चांगली, ओळख जुनी. पण एकदा हात पोळलेला. या खेपेला मी ठरवले, की मुलीकडच्यांनी विचारायचे ते सगळे प्रश्न विचारायचे, आणि नातीला बरोबर घेऊन विचारायचे.

तोवर दुसरी स्थळेही आलीच होती. एका शेजाऱ्यांचा सल्ला असा, की काशिमिऱ्याच्या पुढे जंगलाच्या कडेला नेऊन सोडाव्यात, ‘निसर्गात जातील’. निसर्गात म्हणजे बिबट्याच्या, मुंगसाच्या नाहीतर भटक्या कुत्र्यांच्या पोटात. माणसाच्या हातचे दाणे खाल्लेला पक्षी जंगलात रात्रभरही टिकत नाही. पाळलेले जनावर उपासातहानेत वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यान्वये गुन्हाही आहे. दुसरे म्हणाले, बाजारात देऊन टाका. ते निदान सरळ होते. तिसऱ्या एक बाई दोन्ही कोंबड्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ठेवायला तयार होत्या. मी नको म्हटले.

डोंगरीला गेलो तो रविवारचा दिवस. भाईंदरहून राई, मुर्धे, मोर्वे मागे टाकत रस्ता उत्तनच्या अंगाला वळतो, आणि एकाएकी इमारती संपून चिंचा, आंबे, भाजीचे वाफे सुरू होतात. घर ईस्ट इंडियन कुटुंबाचे. अंगणात क्रूस, त्याच्यापुढे झेंडूची रोपे, बाजूला कौलारू पडवी आणि पडवीला लागून खुराडे. मावशी सत्तरीच्या असतील. मी एकेक विचारत गेले. किती कोंबड्या? रात्री कोंडता का? जाळी कुठवर? मुंगूस आले कुठून? मावशींनी उठून भोक दाखवले आणि आता तिथे घातलेला पत्राही दाखवला. मानमोडीची लस? दिली होती. (राणीखेत म्हणतात तोच हा रोग, एकदा शिरला की सगळे खुराडे साफ करतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब घालून लस देतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.)

मग नातीने मध्येच विचारले, ‘‘तुम्ही खाणार का त्यांना?’’

कोळीण चुळबुळली. मी जमिनीकडे पाहिले. मावशी मात्र तिच्यासमोर पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘खोटं नाही सांगत, पोरी. कोंबडे आम्ही खातो. नाताळात कापतो, पाहुणा आला तर कापतो. अंड्याची कोंबडी नाही कापत. ती म्हातारी होऊन मरते, नाहीतर घार नेते. तुझ्या ह्या दोन नाही कापायच्या म्हणालीस, तर नाही कापणार. पण घारीचं मी सांगू शकत नाही.’’

नात थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, ‘‘चालेल.’’ परत येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली.

घरी आल्याबरोबर ठकीला फळीवरून काढून खोक्यात ठेवले. मनात धाकधूक, की आता मोडली असली तर? तिने अंग झटकले, दोनदा गोल फिरली आणि चेंडू पोटाखाली घेऊन बसली. इतक्या दिवसांत त्या बसण्याचा मला पहिल्यांदा आनंद झाला.

खुडूक कोंबडी हलवायची ती रात्रीच. दिवसा हलवली तर नव्या जागेत उभीच राहते आणि बसणे विसरते. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे ती शांत राहते. तिच्या खालचे तेच गोणपाट पाटीत घातले, वर तिला ठेवली, वरून सुती फडके बांधले. सोनीला भोके पाडलेल्या खोक्यात. पाय बांधून उलटी लोंबकळत नेण्याची जी पद्धत आपण रस्त्यावर पाहतो, तीही त्याच कायद्याने निषिद्ध आहे. आणि कायदा नसता तरी पाहवत नाही. पडवीच्या कोपऱ्यात मावशींनी विटांचा आडोसा करून ठेवला होता. पहिले दोन दिवस खाली खोटीच अंडी ठेवली. ठकी बसून राहिली, तेव्हा तिसऱ्या रात्री हळूच ती काढून खरी अकरा सरकवली. अकराच का? मावशींकडे विषम आकडाच चालतो. प्रत्येकावर नातीने पेन्सिलीने फुली केली, म्हणजे दुसरी कोंबडी येऊन ताजे अंडे टाकून गेली तर ओळखू यावे. अंडी वेगवेगळ्या दिवशीची होती, त्याने बिघडत नाही. ऊब लागेपर्यंत आतला जीव थांबून राहतो. सगळ्यांचे घड्याळ एकदम सुरू होते.

तिला इतर कोंबड्यांपासून वेगळे ठेवण्यात आणखी एक हेतू होता. नवा पक्षी कळपात एकदम मिसळू नये. निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा, पाण्याचे भांडेसुद्धा वेगळे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला. २०२२ साली तो आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरजवळच्या वेहळोलीत निघाला, तेव्हा किलोमीटरभराच्या टापूतल्या सगळ्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर गाडून मोकळे होऊ नये, पशुवैद्यकाला कळवावे.

सोनीचे तीन आठवडे डाल्याखाली गेले आणि ती बाहेर आली, तेव्हा तिची अवस्था नव्या सुनेसारखी झाली. नॉर्वेतल्या शेल्डेरूप-एब्बे नावाच्या गृहस्थांना लहानपणापासून कोंबड्या निरखायचा नाद. कोण कोणाला टोचते याचा हिशेब ठेवता ठेवता त्यांना दिसले, की प्रत्येक खुराड्यात मानाची उतरंड असते. हे त्यांनी १९२०-२२ च्या सुमारास जगापुढे मांडले. आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या घरातल्या धाकट्या जावेने त्यांना ते आधीच सांगितले असते. सोनीला रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवले, म्हणजे सकाळी उठल्यावर ती ‘होतीच’ असे वाटावे. तरीही चार दिवस टोचण्या खाल्ल्या. दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवली, तेव्हा निभावले. आता ती खालून दुसरी आहे. सगळ्यांत खाली कोण, ते मावशींनाही नक्की सांगता येत नाही.

आठव्या रात्री आम्ही मोबाईलच्या बॅटरीवर अंडी पाहिली. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा. दोन स्वच्छ, ती काढली. ठकीने तोवर माझ्या मनगटावर आपली नाममुद्रा उमटवली होती. विसाव्या रात्री मावशींचा फोन आला, ‘‘कवचातून बोलायला लागलीत.’’ पिल्ले फुटण्याआधी आतून चिवचिवतात आणि कोंबडी बाहेरून हलक्या आवाजात उत्तर देते. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सात निघाली. दोन निघाली नाहीत. नातीला त्यांतले एक फोडून मदत करायची होती. मावशींनी तिचा हात धरला आणि हलकेच बाजूला केला.

मागच्या रविवारी पुन्हा जाऊन आलो. ठकी अंगणात सात पिल्लांचा लवाजमा घेऊन फिरत होती. नात ‘ठके, ठके’ करत धावली. तिने क्षणभरही ओळख दाखवली नाही. पंख पसरून, मान फुगवून ती पोरीच्या अंगावर आली आणि बोटाला अशी चोच मारली की रक्ताचा थेंब आला. मला वाटले, आता रडणार. पण ती बोट तोंडात घालून मागे सरली आणि म्हणाली, ‘‘बरोबर आहे तिचं.’’

मग उकिडवी बसून ती पिल्लांचे तुरे निरखू लागली. ‘‘मावशी, यांच्यात कोंबडे किती आहेत?’’

मावशींनी माझ्याकडे पाहिले. या खेपेला मी नजर काढून घेतली नाही. म्हटले, ‘‘इतक्यात कळत नाही गं. सहा-आठ आठवडे लागतात. ज्याचा तुरा लवकर लाल होतो, तो कोंबडा.’’

‘‘आणि मग?’’

‘‘एक ठेवू,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘कुठला ते तू येऊन सांग. सगळे नाही ठेवता यायचे, मारामाऱ्या करतात.’’

नातीने बोटावर दिवस मोजले. दिवाळी होऊन जाते. मावशी म्हणाल्या, लक्ष्मीपूजनाच्या रात्री खुराड्यावर गोणपाट टाकीन, फटाक्यांनी पिल्ले बुजतात. घरी आल्यावर आम्ही माळ्यावरची दोन जुनी गोणपाटे काढून धुऊन वाळत घातली आहेत. फ्रीजची फळीही पुसून ठेवली आहे. मीरा रोडच्या भगिनींना हवी असल्यास घेऊन जावी.